ओपन डेटा पोर्टलवर हवा तो डेटा नाही? आधी तपासणी, मग मागणी, शेवटी आरटीआय

केंद्राचं ओपन डेटा पोर्टल, डेटा डॉट जीओव्ही डॉट इन, २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणातून आलं, चालवते एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र ही केंद्राची संस्था. त्यावर एकूण किती डेटासेट आहेत याला फारसा अर्थ नाही. तुम्हाला लागणारा डेटा तिथे आहे का, ताजा आहे का आणि नसेल तर मागता येतो का, एवढंच बघा.

डेटा बघायला पात्रतेची अट नाही, कागदपत्रंही लागत नाहीत. एपीआय की, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट डेटा ओढायची किल्ली, हवी असेल तर मात्र नोंदणी करावी लागते.

तपासणी

बाजार समित्यांच्या रोजच्या दरांचा डेटासेट घ्या. त्यात राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, तारीख आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर असतात. दर रुपये प्रति क्विंटल. किलोचे समजून हिशेब केला की शंभरपट चूक. पोर्टलने दिलेल्या नमुना कीवर एका वेळी दहाच नोंदी येतात, आणि "लासलगाव नाहीच" असा समज इथेच होतो. स्वतःची की घ्या, लिमिट (एका वेळी किती नोंदी) वाढवा आणि ऑफसेट (कितव्या नोंदीपासून) बदलत पुढच्या नोंदी ओढा. नावंही सांभाळा: लासलगाव, लासलगाव (निफाड) आणि लासलगाव (विंचूर) हे वेगवेगळे बाजार म्हणून नोंदलेले आहेत. फिल्टरला फक्त पहिलं नाव दिलंत तर उरलेले दोन गळू शकतात.

यात आवक, म्हणजे बाजारात किती माल आला तो आकडा, नाही. आवकेशिवाय काढलेली जिल्ह्याची सरासरी फसवी, कारण दहा क्विंटलचा बाजार आणि दहा हजार क्विंटलचा बाजार एकाच मापाने मोजला जातो. आवक अ‍ॅगमार्कनेट या केंद्राच्या बाजारभावांच्या साइटवर मिळते. म्हणून मागणीआधी मूळ खात्याची साइट उघडा.

मागणी

पोर्टलवर नवा डेटासेट सुचवता येतो. सुचवा, पण त्यावर विसंबू नका. या सूचनेला कायद्याची मुदत नाही.

मुदत आहे ती माहिती अधिकारात (आरटीआय). अर्जदार भारतीय नागरिक हवा. कारण विचारता येत नाही. केंद्राच्या खात्यासाठी ऑनलाइन अर्ज, शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ, त्यासाठी दाखल्याची प्रत जोडा. राज्याच्या खात्याचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर टाकलात तर तो परत येतो, पैसे येत नाहीत. महाराष्ट्राचं आरटीआय पोर्टल वेगळं आहे आणि नियमही कडक: एक अर्ज, एक विषय, १५० शब्द.

मजकुरात रकाने, कालावधी, तालुका की जिल्हा हे नेमकं लिहा. "सर्व माहिती द्यावी" लिहिलं की साधनांवर ताण पडतो असं सांगून, कलम ७(९) दाखवत, मागितलेल्या स्वरूपात द्यायला नकार मिळतो. शेवटी "एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल, स्कॅन नको" ही ओळ घालाच.

उत्तर ३० दिवसांत. आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.