खाटेमागचा मधला चोर : जोडताऱ्यांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या गोंडांच्या लोककथेत सप्तर्षीचा चौकोन म्हणजे म्हातारीची खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे खाट पळवायला आलेले चोर. त्यातला मधला चोर म्हणजे आपला वसिष्ठ. लग्नात भटजी नवरा-नवरीला जी अरुंधती दाखवतात, ती त्याच्या अगदी शेजारी. दोघांतलं अंतर सुमारे १२ कला (एका अंशाच्या साठ भागांतला एक भाग म्हणजे कला), म्हणून नजर चांगली असली तर दुर्बिणीशिवायही दोघं वेगळे दिसतात. पण ६० मिलिमीटरची साधी दुर्बीण लावून ४०-५० पट मोठं करून पाहा. खुद्द वसिष्ठच फुटतो. एक ठळक तारा आणि १४ विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), त्याला जवळजवळ चिकटून, दुसरा मंद तारा. अशी जोडी म्हणजेच जोडतारा.

ही फूट गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने १६१७ च्या सुमारास पाहिली आणि गुरूला कळवली, तरी बऱ्याच पुस्तकांत श्रेय मिळतं ते १६५० च्या आसपासच्या रिच्चोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला. गॅलिलिओला अशा जोड्या वेगळ्याच कामासाठी हव्या होत्या. दोन तारे एका रेषेत दिसत असले, पण एक जवळ आणि एक दूर असला, तर पृथ्वी सूर्याभोवती फिरते तसा जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकायला हवा, आणि ते सरकणं त्याला मोजायचं होतं. म्हणजे जोडी ही नुसती नजरेची गफलत, असंच तेव्हा सगळे धरून चालले होते.

भारताचा वाटाही यात लवकरचा आहे, आणि माझ्या मते तो फार कमी सांगितला जातो. १६८९ च्या डिसेंबरात पुद्दुचेरीत धूमकेतू पाहताना झाँ रिशो या फ्रेंच पाद्र्याला नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा जोडतारा असल्याचं दिसलं. मे महिन्यात नागपूरकडून हा तारा दक्षिण क्षितिजावर जेमतेम आठ अंश चढतो. धुरळा नसला तरच मिळतो.

खरा प्रश्न १७६७ मध्ये जॉन मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने विचारला : इतक्या जोड्या निव्वळ योगायोगाने कशा जुळतील? त्याने गणित मांडून सांगितलं, यातले पुष्कळ तारे खरोखरच एकमेकांशी बांधलेले असणार. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल १७७९ पासून जोड्या शोधत होता, तोही गॅलिलिओच्याच हेतूने. १७८२ मध्ये त्याने २६९ जोड्यांची यादी दिली. वीसेक वर्षांनी पुन्हा मापं घेतली, तर पुनर्वसूतल्या कॅस्टरची जोडी वळलेली! वर्षभराने परत जागेवर येणारं ते सरकणं नव्हतं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. १८०३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. सूर्यमालेबाहेरही गुरुत्वाकर्षण चालतं, याचा हा पहिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा. मला या साऱ्या इतिहासात याहून मोठा क्षण दिसत नाही. फेलिक्स सावारी या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये अशा एका जोडीची पहिली कक्षा काढली. वसिष्ठाची गोष्ट मात्र संपली नव्हती : १८८९ मध्ये वर्णपटावरून (ताऱ्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्यावरून) कळलं की त्याचा ठळक ताराही दोन ताऱ्यांचाच आहे. ही फूट कुठल्याच छोट्या दुर्बिणीत दिसत नाही.

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' (रात्रीचा अंधार जपणारं उद्यान) म्हणून मान्यता मिळाल्यापासून आपल्याकडे अंधाराची चर्चा वाढली, हे चांगलंच झालं. जोडताऱ्यांना मात्र अंधारापेक्षा स्थिर हवा लागते, कारण यातले बरेच तारे ठळक असतात. गावातल्या खांबावरचा दिवा त्यांना फारसा आड येत नाही. चैत्र-वैशाखात तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडते आणि तारा थरथरतो. तेव्हा वसिष्ठ मध्यरात्रीनंतर बघावा. कॅस्टरची जोडी त्याहून अवघड, अंतर पाच-सहा विकला. ती पौष-माघातल्या थंड रात्री, ७० मिलिमीटरची दुर्बीण तासभर अंगणात निवू देऊन, शंभरेक पट वर्धनाने वेगळी करता येते.