फायबर सडत नाही, पण पाणी पितं

फायबरची होडी घेताना सगळे एकच सांगतात, लाकडासारखी सडत नाही, दरवर्षी तेलपाणी नको, एकदा घेतली की पोरंबाळं पण वापरतील. वर्सोवा, मढ, गोराई, वरळी, माहुल, कुठेही किनाऱ्यावर चक्कर मारा, मोठ्या लाकडी बोटींच्या मधेमधे फायबरच्या छोट्या होड्या पडलेल्या दिसतातच, आणि त्यातल्या काही चांगल्याच जुन्या, रंग उडालेला, तळाला फोड आलेले, मागची इंजिनची फळी हलतेय. मग कोणीतरी त्यातली एक स्वस्तात उचलतो, ग्राइंडर फिरवतो, दोन मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चटया, चिकटवतो, वरून मस्त निळा रंग मारतो, आणि पुढच्या सीझनला तीच मॅट सोलून हातात येते. मग रेझिन, म्हणजे मॅट चिकटवायचा द्रव, डुप्लिकेट होतं, कारागीर बरोबर नव्हता, अशी कारणं निघतात. कधीकधी ती खरी पण असतात. पण बहुतेक वेळा खरं कारण हे की होडी ओली होती. वरून कोरडी, आतून ओली.

आता काच आणि प्लास्टिक आतून ओलं कसं होणार, हा प्रश्न बरोबर आहे.

आधी हे फायबर म्हणजे नक्की काय ते बघू. काच तर तडकणारी वस्तू, मग काचेची होडी लाटांचे तडाखे कशी खाते? १९२० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने काचेचे तंतू ओढून, ते ताणून तोडून बघितले, तेव्हा त्याला दिसलं की तंतू जितका बारीक तितका तो जाडीच्या हिशोबाने जास्त ताण घेतो. म्हणजे काच मुळात कमजोर नाहीच, तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, सगळा ताण त्या चिरांच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून ती फुटते. तंतू एकदम बारीक असला की मोठी चीर पडायला जागाच उरत नाही. होडीच्या मॅटमधला एकेक तंतू १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि म्हणूनच ग्राइंडर मारल्यावर दोन दिवस अंग खाजत राहतं, ते तुकडे कातडीत घुसलेले असतात.

हे तंतू धरून ठेवायचं काम रेझिनचं. साधं पॉलिएस्टर रेझिन म्हणजे लांबलांब साखळ्यांचे रेणू स्टायरीन नावाच्या पातळ द्रवात विरघळवलेले, दुकानात शिरल्या शिरल्या डोक्यात जातो तो वास ह्या स्टायरीनचा. क्रियेला वेग देणारं कोबाल्ट आणि रेझिन घट्ट करणारं हार्डनर टाकलं की स्टायरीनचे रेणू एका साखळीला दुसरीशी जोडत जातात, वर-खाली-आडवे सगळीकडून, आणि थोड्या वेळात सगळं मिळून एक घट्ट जाळं होतं. हे जाळं परत सुटत नाही. तापवलं तर वितळत नाही, नुसतं करपतं. त्यामुळे भंगारवाला इंजिन नेतो, पितळेचा पंखा नेतो, ॲल्युमिनियमचे पाइप नेतो, पण फायबरला हात लावत नाही, कारण ते वितळवून दुसरं काही बनत नाही. जुनी होडी टाकायची तर टाकायची कुठे हा मोठा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तिला परत उभी करायचं हेच सगळ्यात मोठं कारण, पैसे वाचतात ते नंतर.

आता पाणी. होडीच्या बाहेरच्या अंगाला जो चकचकीत थर असतो तो जेलकोट, तो पण रेझिनच, फक्त रंग घातलेलं आणि काच नसलेलं. पाणी ह्यातून धार लागून आत जात नाही, पण पाण्याचे सुटे रेणू एकेक करत आत सरकत राहतात. वर्षानुवर्षं. आत गेल्यावर ते रेझिनच्या साखळ्यांचे काही जोड तोडतात, पॉलिएस्टरमधला एस्टर जोड पाण्यामुळे हळूहळू तुटतो हे रसायनशास्त्रातलं अगदी नेहमीचं काम आहे, आणि तुटल्यावर तिथे ग्लायकॉल आणि आम्लासारखे पदार्थ मोकळे होतात. हे मोठे रेणू जेलकोटमधून सहज बाहेर पडत नाहीत पण पाणी मात्र आत येऊ शकतं, म्हणजे मनुका पाण्यात टाकली की फुगते तोच प्रकार, आतलं घट्ट द्रावण बाहेरचं पाणी ओढून घेतं, दाब वाढतो आणि जेलकोटला फोड येतो. तो फोड फोडला की आतून चिकट, आंबूस वासाचं पाणी येतं. लिटमस पेपर लावला तर लाल होतो. फोडताना चष्मा घाला, आत चांगलाच दाब असतो, पिचकारी थेट डोळ्यात जाते.

ह्यातली गंमत म्हणजे गोडं पाणी खाऱ्यापेक्षा वाईट. समुद्राच्या पाण्यात आधीच मीठ विरघळलेलं असतं म्हणून आतलं आणि बाहेरचं द्रावण ह्यात फरक कमी, ओढ कमी. गोड्या पाण्यात फरक जास्त, ओढ जास्त, त्यात पाणी कोमट असेल तर सगळंच लवकर. आता विचार करा, पावसाळ्यात आपण होडी वाळूवर ओढून ठेवतो आणि वाटतं चला, दोन महिने आराम, पण ताडपत्री नीट नसेल तर आत पावसाचं पाणी साचतं, शुद्ध गोडं पाणी, आणि होडीच्या आतल्या अंगाला बऱ्याचदा जेलकोट नसतोच, नुसता मॅटवर रंग. म्हणजे समुद्रात असताना जे बाहेरून होत होतं ते जमिनीवर आतून होतं. तळाचं बूच काढून ठेवा आणि होडीचं नाक थोडं वर करून ठेवा, फुकटचा उपाय आहे, तरी अर्ध्या होड्यांना बूच लावलेलंच असतं.

जुनी होडी तपासताना रंग बघू नका, आवाज ऐका. प्लास्टिकचा हातोडा नाहीतर स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन तळ, बाजू, मागची फळी सगळीकडे ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, जिथे थर सुटलेत किंवा आतलं लाकूड गेलंय तिथे बद्द. ठोकता ठोकता खडूने खुणा करा. मागच्या फळीवर जास्त वेळ द्या, कारण होडी फायबरची असली तरी ह्या फळीत आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, त्यावर इंजिनचं वजन आणि धक्का, आणि इंजिनच्या बोल्टसाठी पाडलेली भोकं. एका भोकाचं सील गेलं की पाणी प्लायमध्ये शिरतं आणि बाहेर पडायला वाट नाही, दोन्हीकडून फायबर. लाकडाला कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल हवी असते, इथे ती बारा महिने मिळते. इंजिनचा पाय धरून जोर लावून वर-खाली हलवा, फळी हलली तर प्लाय गेलं समजा, मग वरून कितीही मॅट चढवा, काही होणार नाही, आतलं काढावंच लागतं. लाकडी बोटीवर फायबरचं आवरण चढवतात त्यालाही हेच लागू. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या लाकडाच्या होड्यांवर हे काम केलंय, पण त्यात लाकडाला आधी औषध पाजून मग वर फायबर आहे. आपल्याकडे कुजलेली फळी झाकायला फायबर मारतात, ते उलटं काम झालं.

आणि आता मुंबईचा खरा घोळ. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, होडी किनाऱ्यावर, माणसं मोकळी, मग रिपेअरिंग त्याच दोन महिन्यांत काढायचं असं सगळ्यांचं गणित, नारळी पौर्णिमेच्या आधी तयार पाहिजे. पण नेमकं त्याच दिवसांत हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. साधं मीठ, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे ज्या होडीच्या भेगांमध्ये, फोडांमध्ये समुद्राचं मीठ बसलंय ती जुलैमध्ये मुंबईच्या हवेत कितीही दिवस ठेवली तरी सुकणार नाही, उलट पाणी घेईल. ग्लायकॉल तर त्याहून चिवट, तो पाण्याला धरून ठेवतो आणि स्वतः उडून जात नाही, त्याचा उत्कलनबिंदू १८५ अंशांच्या वर. म्हणून फोड उघडल्यावर होडी नुसती उन्हात ठेवून चालत नाही, आधी गोड्या पाण्याने, जमलं तर गरम पाण्याने, परत परत धुवावी लागते, म्हणजे मीठ आणि ग्लायकॉल दोन्ही विरघळून बाहेर येतात. वाचायला विचित्र वाटतं, सुकवायची आहे आणि पाणी मारतोय, पण पाणी धरून ठेवणारी वस्तू काढल्याशिवाय पाणी जात नाही.

मग सुकवणं. इथे घाई चालत नाही कारण पाणी जाडीतून बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, थर दुप्पट जाड तर वेळ चौपट. पातळ बाजू लवकर सुकते, तळाचा जाड भाग मागे राहतो, आणि आपण नेमकं बाजूला हात लावून बघतो. साधी टेस्ट अशी की प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप मारून तळावर घट्ट चिकटवायचा, ऊन लागू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं, आतून बाष्प धरलं तर अजून वेळ आहे. माझं स्पष्ट मत, ज्याला होडी खरंच नीट करायची आहे त्याने काम थंडीत नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये काढावं. धंद्याचे दिवस जातात हे मान्य, ते सांगणं सोपं आणि करणं कठीण. पण जुलैमध्येच करायचं असेल तर बंद शेड, आत हीटर नाहीतर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, एवढं तरी पाहिजेच.

आता चिकटवायची वेळ. नवीन होडी बनवताना थर ओलसर असतानाच एकावर एक चढतात म्हणून ते रासायनिकरीत्या एकजीव होतात. जुन्या होडीत तसं होत नाही, तिच्या रेझिनचे जोड कधीच संपलेत, नवं रेझिन फक्त तिच्या खरखरीतपणात अडकून बसतं. म्हणून घासणं हेच अर्धं काम आहे, ४० ते ८० नंबरचा पेपर, चकाकी एक ठिपकाभर पण राहता कामा नये. भोक बुजवताना त्याच्यापुरता तुकडा बसवायचा नाही, कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारापट. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीची बाजू असेल तर भोकाच्या चारी बाजूंनी ७२ मिलिमीटर. एवढं घासायचं म्हटलं की लोकांचा जीव जातो, पण जोड किती भार घेतो ते त्या उताराच्या क्षेत्रफळावर ठरतं.

दुसरा गैरसमज, जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबूत. उलटं आहे, ताण काच घेते. मॅटमध्ये वजनाने एक भाग काच तर दोन-अडीच भाग रेझिन लागतं, विणलेल्या रोविंगमध्ये, म्हणजे काचेच्या जाड दोऱ्यांच्या कापडात, जवळपास निम्मं-निम्मं, त्याहून जास्त ओतलं तर ते नुसतं जड आणि ठिसूळ. पॉलिएस्टर की इपॉक्सी? इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन, महाग आहे पण जुन्या फायबरला आणि लाकडाला जास्त घट्ट धरतं, म्हणून पाण्याखालचा भाग आणि मागची फळी इपॉक्सीत करावी, वरच्या किरकोळ भागाला पॉलिएस्टर पुरे. फक्त दोन गोष्टी. साध्या मॅटमधले तंतू ज्या बाइंडरने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, त्यामुळे ती मॅट इपॉक्सीत कडक राहते, कोपऱ्यात बसत नाही, तिथे विणलेलं कापड घ्या. आणि इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून आधी काय आणि नंतर काय हे ठरवूनच डबा उघडा.

हार्डनर पॉलिएस्टरमध्ये १ ते २ टक्के. मे महिन्यात भर दुपारी २ टक्के टाकून बादलीभर बनवलं तर ब्रश बुडवेपर्यंत बादली धूर सोडायला लागते, कारण ही क्रिया स्वतःच उष्णता तयार करते आणि त्या उष्णतेने आणखी जोरात होते, पसरट ट्रेमध्ये थोडंथोडं बनवा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो, एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून झालं की मगच दुसरं. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आणि स्टायरीनची वाफ ३१-३२ अंशांना पेट घेऊ शकते, म्हणजे मुंबईची साधी दुपार, तरी शेजारी बिडी ओढत बसलेला माणूस प्रत्येक कामावर असतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक अशा गटात टाकलंय, तोंडाला रुमाल बांधून ती वाफ अडत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो.

शेवटी फोम. बऱ्याच होड्यांमध्ये फळ्यांच्या खाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो आणि तिकडे कोणी बघतच नाही. फायबर स्वतः पाणी पितं ते वजनाच्या एक-दोन टक्के, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसलेला फोम स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, आणि तो काही केल्या सुकत नाही, कापून काढून नवीनच भरावा लागतो. भरायच्या आधी होडीच्या बाजूला रिकामी असतानाची पाण्याची जुनी रेषा शोधून खूण करून ठेवा. काम झाल्यावर तेच इंजिन लावून होडी पाण्यात सोडली की ती त्या खुणेच्या किती वर राहते त्यावरून कळतं, इतकी वर्षं पेट्रोल जाळून आपण किती पाणी फिरवत होतो ते.