गाडी ओढत नाही म्हणजे पंपच गेला?

जुना ट्रक घाटात ओढेना, काळा धूर सोडू लागला की इंजिनात डिझेल सोडणारा ‘पंप गेला’ हे ठरलेलंच. पंप उतरतो, कॅलिब्रेशन म्हणजे डिझेलचं माप जुळवणं होतं, हजारोंचं बिल भरलं जातं. खंबाटकीत गाडी पुन्हा दुसऱ्या गिअरवर.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. तुंबलेला एअर फिल्टर, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा फाटका होज (रबरी नळी), चोंदलेला सायलेन्सर, सगळे हाच धूर दाखवतात. जळका वायू बाहेरच पडला नाही तर ताजी हवा आत शिरणार कुठून? एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे जळक्या वायूची वाट अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक, असेल तर आधी त्याची झडप बघा. काजळीने ती अर्धवट मिटलेली अडकते, आणि बदलला जातो बिचारा सायलेन्सर! झडप मोकळी असेल तर इंजिन गार असताना सायलेन्सरच्या आधीचा फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) सैल करा, काचा उघड्या ठेवून थोडं चालवा. कान फाटतील; पण ओढ परत आली तर पंपाला हात लावू नका.