शब्दशः भाषांतराची कोडी आणि तशीच दिसणारी आवाजाची कोडी

सहलीच्या बसमध्ये किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर रंगणाऱ्या शब्दखेळांपैकी एकाला सरसकट 'शब्दशः भाषांतराची कोडी' म्हटले जाते. एखादी म्हण, गावाचे किंवा स्टेशनाचे नाव दुसऱ्या भाषेत शब्दाला शब्द ठेवून उतरवायचे आणि इतरांनी मूळ ओळखायचे, एवढाच त्याचा नियम. प्रत्यक्षात मात्र या एकाच नावाखाली दोन निराळे खेळ चालतात. 'मूनलाइट इन द थीफ्स माइंड' यावरून 'चोराच्या मनात चांदणे' ओळखणे हा एक खेळ झाला, तर 'वाळू दुखवते, असा रस्ता' यावरून 'सँडहर्स्ट रोड' हे स्टेशन ओळखणे हा दुसरा. पहिल्यात अर्थाचे भाषांतर आहे. दुसऱ्यात अर्थाशी काही देणेघेणेच नाही, कारण हे नाव 1895 ते 1900 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांच्यावरून पडले आहे आणि त्यात ना वाळू आहे, ना दुखणे.

दोन्ही प्रकारांचे वरचे रूप सारखेच विचित्र असते, म्हणून घोटाळा होतो. वाक्य किती हास्यास्पद आहे यावरून प्रकार ठरत नाही. उत्तराकडे परत जाण्याची वाट शब्दकोशातून जाते की कानातून, यावरून तो ठरतो. डंब शराड्स खेळणारी मुले हा भेद सहज पाळतात. शब्दाचा अर्थ अभिनयाने दाखवायचा असेल तर ती सरळ अभिनय करतात. पण सारख्या आवाजाचा दुसरा शब्द दाखवायचा असेल तर आधी कानाची पाळी ओढून गटाला सावध करतात. लेखी कोड्यात अशी पाळी ओढायची सोय नसते आणि घालणाराही ती सूचना देण्याची तसदी घेत नाही.

अर्थाच्या कोड्याची खरी मजा म्हणींमध्ये आहे. 'शी केम फ्रॉम बिहाइंड द इअर अँड बिकेम स्पायसी' हे वाक्य घ्या. 'कानामागून आली आणि तिखट झाली' या म्हणीतला 'तिखट' शब्द मागाहून येऊन वरचढ ठरणाऱ्या माणसाबद्दल आहे, परंतु कोडे घालणारा मुद्दाम स्वयंपाकघरातला अर्थ उचलतो. म्हणजे येथे कौशल्य निवडीचे आहे: शब्दाच्या अनेक छटांपैकी जी छटा खरी पण त्या जागी गैरलागू, ती निवडायची. सोडवणाऱ्याला संपूर्ण वाक्याची मदत होते. चोर आणि मन हे दोन शब्द एकत्र दिसताच म्हण जिभेवर येते आणि चांदण्याचे भाषांतर थोडे इकडेतिकडे झाले असले तरी बिघडत नाही. कोणी 'चोराच्या मनी चांदणे' असे उत्तर दिले तरी ते बरोबरच धरले जाते.

आवाजाच्या कोड्यात ही सवलत नाही. 'सेव्हन स्टार्स' म्हणजे सातारा, असे कोडे बऱ्याच ठिकाणी फिरते. ते नीट ऐकले तर 'सात तारा' मध्ये दोन त लागतात आणि गावाच्या नावात एकच आहे. भरभर बोलताना ते खपून जाते, लिहिल्यावर खपत नाही. शिवाय येथे तुकडे एकमेकांना मदत करत नाहीत. 'मन आणि नारळाचे झाड' या शब्दांत मनमाडकडे बोट दाखवणारे काहीच नाही (माड कोकणातला आणि मनमाड नाशिक जिल्ह्यातले, त्यामुळे भूगोल उलट दिशाभूलच करतो). म्हणूनच असे कोडे घालताना 'रेल्वे स्टेशन ओळखा' किंवा 'शहर ओळखा' एवढा वर्ग सांगणे मला आवश्यक वाटते. म्हणीच्या कोड्याला तो सांगितला नाही तरी चालते. आवाजाच्या कोड्याला सांगितला नाही तर तो खेळ न राहता छळ होतो.

संस्कृत आणि मराठी अलंकारशास्त्राने या दुसऱ्या प्रकाराचे मूळ फार पूर्वी ओळखले होते. शब्द फोडून दुसरा अर्थ काढला तर सभंग श्लेष, न फोडता काढला तर अभंग श्लेष. सभंग श्लेषाची सर्वांत गाजलेली फजिती महाराष्ट्राशी निगडित आहे. अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाची गोष्ट येते. जलक्रीडेत दमलेली राणी त्याला 'मोदकैः' मारा असे म्हणते. तिला म्हणायचे असते 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने मारू नका. राजाला 'मा' आणि 'उदकैः' यांचा व्याकरणातला संधी सोडवता येत नाही आणि तो मोदक मागवतो. राणी हसते, राजा खजील होतो आणि व्याकरण शिकायचे ठरवतो. त्याच्या दरबारातला पंडित गुणाढ्य त्यासाठी सहा वर्षे मागतो, दुसरा पंडित शर्ववर्मा सहा महिन्यांत शिकवण्याची पैज घेतो, आणि कथेनुसार त्यातून कातंत्र हे संस्कृत व्याकरण जन्माला येते. राजाने जे नकळत केले तेच आपण आवाजाच्या कोड्यात जाणूनबुजून करतो.

या दोहोंच्या मध्ये एक पट्टा आहे आणि सर्वाधिक वाद तिथेच होतात. 'अनुदान मार्ग' म्हणजे ग्रँट रोड. येथे शब्द फोडलेला नाही, भाषांतरही चोख आहे, पण रॉबर्ट ग्रँट हे 1830 च्या दशकातले मुंबईचे गव्हर्नर होते, सरकारी मदत नव्हे. हा अभंग श्लेष; त्याला आवाजाच्या बाजूला बसवावे, कारण नावाच्या अर्थाशी त्याचा संबंध नाही. 'रश्श्याचा रस्ता' म्हणजे करी रोड, हेही त्याच पंगतीतले; ते स्टेशन करी नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. याउलट 'हिरवा कापूस' म्हणजे कॉटन ग्रीन हे मी अर्थाच्या कोड्यांत धरीन. कापूस तिथे खराच होता. फक्त ग्रीन म्हणजे मोकळे पटांगण हा अर्थ सोडून रंगाचा अर्थ घेतला आहे, जसे 'तिखट'चे केले तसेच. चिंचपोकळी, वडगाव, चाळीसगाव ही नावे इतकी पारदर्शक आहेत की त्यांची कोडी बालवर्गासाठी ठेवावीत.

कोल्हापूर हे मिश्र उदाहरण. 'जॅकल टाऊन' म्हटले की उत्तरार्ध अर्थाने बरोबर आणि पूर्वार्ध आवाजाने, कारण स्थानिक आख्यायिका हे नाव देवीने मारलेल्या कोल्हासुराशी जोडते, कोल्ह्याशी नव्हे. 'जॅकल फ्लड' म्हटले तर दोन्ही तुकडे आवाजाचे होतात आणि, माझ्या मते, कोडे अधिक प्रामाणिक होते, कारण मग ते भाषांतराचा आव आणत नाही.

आव आणण्याचा हा मुद्दा क्षुल्लक नाही, कारण आवाजाची कोडी पुढे व्युत्पत्ती म्हणून सांगितली जातात. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा बाजार म्हणून इंग्रजांनी 'बिहाइंड द बझार' म्हटले आणि त्याचे भेंडी बाजार झाले, ही गोष्ट मुंबईत अनेकांनी ऐकलेली असते. तिची बांधणी तपासली तर ती सँडहर्स्टच्या वाळूसारखीच आहे: नाव आधी, आवाजाची फोड नंतर, आणि शेवटी फोडीला साजेशी हकिकत. दुसरा खुलासा तिथल्या भेंडीच्या झाडांचा दिला जातो. ही भेंडी भाजीची नव्हे, समुद्रकाठी वाढणारा आणि पिवळी फुले येणारा वृक्ष. तो खुलासा धरला तर 'लेडीज फिंगर मार्केट' हे लोकप्रिय कोडे ग्रँट रोडच्या शेजारी जाऊन बसते.