पीआयडी फाइल म्हणजे लॉक नव्हे

प्रोग्रामची दुसरी प्रत उघडून दोन्हींनी एकाच डेटाफाइलवर लिहिलं तर काय होतं, ते सांगायला नको. दुसरी प्रत सुरूच होऊ द्यायची नाही, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. मग कोडमध्ये ‘लॉक घ्या’ अशा नावाचं फंक्शन दिसतं, आणि आत डोकावावं तर पीआयडी फाइल! नाव लॉकचं आणि काम चिठ्ठीचं.

पीआयडी फाइल सगळ्यांना पाठ आहे. सुरू होताना फाइल आहे का बघायचं, नसेल तर आपला प्रोसेस क्रमांक (पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला सिस्टिमनं दिलेला नंबर) लिहून ठेवायचा, जाताना ती पुसायची. खरं लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा ताबा, तेही बहुतेकदा फाइलवरच लावतात आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. फोल्डरमध्ये दोन्हीकडे एक छोटी फाइलच दिसते. पण पहिल्या पद्धतीत फाइल *असणं* हाच पुरावा. दुसरीत फाइल नुसती असण्यावरून काहीच ठरत नाही, तिच्यावरचं लॉक आत्ता कोणी धरलंय का एवढंच कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) विचारायचं.

एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल आणि त्या सीटवर बसलेला माणूस, असा हा फरक. माणूस मधल्या स्टँडवर उतरून गेला तरी रुमाल जागा अडवून बसतो. वीज गेली, प्रोग्राम कोसळला, कोणी किल मायनस ९ (प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करणारी कमांड) मारलं, तर पीआयडी फाइल पुसणारा कोड चालतच नाही. पुढच्या वेळी ‘प्रोग्राम आधीच चालू आहे’ असा निरोप येतो आणि ग्राहक फोन करतो. लॉक मात्र प्रोसेस मेली की कर्नल स्वतः सोडतं.

यावर ठरलेला उपाय म्हणजे फाइलीतला क्रमांक जिवंत आहे का तपासणं. हा उपाय नव्हे, ठिगळ. क्रमांक पुन्हा वापरले जातात. लिनक्सची जुनी मर्यादा ३२७६८ ची. ६४ बिट यंत्रांवर ती ४१ लाखांच्या पुढे नेता येते, पण रीबूटनंतर मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि लॉगिनबरोबर चालू होणारे प्रोग्राम दर वेळी त्याच आसपासचे क्रमांक घेतात. मग तुमचा जुना क्रमांक आज भलत्याच प्रोसेसकडे असतो. कंटेनरमध्ये (प्रोग्रामला बाकी यंत्रापासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्यात) तर गंमतच: प्रोग्रामला दर वेळी तोच छोटा क्रमांक मिळतो, तो फाइलीत स्वतःलाच जिवंत बघतो आणि सुरू व्हायला नकार देतो. क्रोमियम ब्राउझर प्रोफाइलच्या चिठ्ठीत यंत्राचं नावही क्रमांकासोबत लिहितो. म्हणून यंत्राचं नाव बदललं की तो म्हणतो, प्रोफाइल दुसऱ्या संगणकावर वापरात आहे.

शिवाय ‘आहे का बघणं’ आणि ‘लिहिणं’ यांत फट राहते. उतावळ्या माणसाच्या डबल-क्लिकला तेवढी पुरते.

तेव्हा लिनक्सवर फ्लॉक, म्हणजे फाइलीवर लॉक लावणारा सिस्टिम कॉल. फाइल उघडा (नसेल तर तयार होऊ द्या), एक्सक्लुझिव्ह (एकट्याचं) लॉक न थांबता मागा, नाही मिळालं तर बाहेर पडा. खाचाखोचा यानंतरच्या आहेत.

जाताना लॉकची फाइल पुसू नका. सवयीनं सगळे पुसतात, आणि तिथेच घात होतो. समजा ‘अ’नं लॉक धरलंय. ‘ब’नं तीच फाइल उघडली. तेवढ्यात ‘अ’नं ती पुसली आणि तो गेला. ‘ब’ला लॉक मिळालं, पण ज्या फाइलीवर मिळालं तिला आता नावच नाही. मग ‘क’ येतो, त्याच नावाची नवी फाइल बनवतो आणि तिच्यावर लॉक घेतो. ‘ब’ आणि ‘क’ दोघेही चालू! शून्य बाइटची फाइल पडून राहिली तर बिघडतं काय? याच कारणानं ती टेम्प फोल्डरमध्येही ठेवू नये, तिथली साफसफाई जुन्या फाइली उडवते. वापरकर्त्याचा स्वतःचा रनटाइम फोल्डर असतो, तो वापरा.

माहितीसाठी आत पीआयडी लिहायचा असेल तर खुशाल लिहा, पण लॉक मिळाल्यावर. फाइल उघडतानाच ट्रंकेट (रिकामी) केली, तर हरलेली प्रत जिंकलेलीचा क्रमांक पुसून जाते.

डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा सिस्टिमनं दिलेला क्रमांक) शेवटपर्यंत उघडा ठेवा. पायथनमध्ये फाइल ऑब्जेक्ट फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर फंक्शन संपताच फाइल बंद होते आणि लॉक सुटतं. उलट बाजूही आहे: क्लोज-ऑन-एक्झेक (दुसरा प्रोग्राम सुरू करताना डिस्क्रिप्टर त्याच्याकडे जाऊ न देणारी खूण) लावलं नाही, तर तुमच्या प्रोग्रामनं उघडलेला पीडीएफ व्ह्यूअर लॉक वारशानं घेतो आणि तुम्ही बंद झालात तरी धरून बसतो. फ्लॉकऐवजी एफसीएनटीएल या दुसऱ्या सिस्टिम कॉलचं लॉक घेतलंत, तर त्याच प्रोसेसमधल्या एखाद्या लायब्ररीनं ती फाइल नुसती उघडून बंद केली तरी लॉक जातं. मला ते त्यामुळेच आवडत नाही.

विंडोजवर फाइलीच्या भानगडीत पडू नका, नाव दिलेला म्यूटेक्स (कर्नलनं सांभाळलेलं लॉक) घ्या. इथे नाव असणं हाच पुरावा चालतो, कारण त्याचं शेवटचं हँडल (प्रोग्रामकडची त्याची पकड) बंद होताच कर्नल ते नाव काढून टाकतं. तयार करताक्षणी गेटलास्टएरर (शेवटच्या कॉलचा एरर क्रमांक) तपासा, १८३, म्हणजे ‘आधीच आहे’, आला तर आपण दुसरे. मध्ये दुसरा कॉल घुसला तर तो आकडा बदलू शकतो. नावाला ‘ग्लोबल’ उपसर्ग नसेल, तर मर्यादा फक्त त्या लॉगिन सेशनपुरती राहते. उपसर्ग असेल, तर दुसऱ्या वापरकर्त्याला १८३ ऐवजी ५, म्हणजे प्रवेश नाकारला, असं उत्तर येऊ शकतं. तेही ‘चालू आहे’ असंच धरा. डॉटनेटमध्ये म्यूटेक्स स्टॅटिक फील्डमध्ये ठेवा. लोकल ठेवलात तर डीबगमध्ये सगळं छान चालतं आणि रिलीजमध्ये गार्बेज कलेक्टर (न वापरलेली मेमरी साफ करणारा) तो उचलून नेतो.

खिडकीचं शीर्षक शोधून किंवा टास्क लिस्टमध्ये एक्सईचं नाव मोजून ठरवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘इन्व्हॉइस’ शीर्षकाचा ब्राउझर टॅबही त्यांना आपला प्रोग्राम वाटतो.

आणि दुसऱ्या प्रतीनं नुसता निरोप दाखवून मरू नये. पहिलीची खिडकी पुढे आणावी, कमांडलाइनवर आलेली फाइल तिच्याकडे सोपवावी. विंडोजवर पहिली प्रत स्वतःहून पुढे येऊ शकेलच असं नाही, टास्कबारवर नुसती लुकलुकते. क्लिक दुसऱ्या प्रतीवर झालेला असतो, म्हणून पुढे येण्याची परवानगी तिनंच पहिलीला द्यायची.