दोष आईच्या लाडाचा नाही

"पोरगं एका जागी बसत नाही, आईनंच लाडावून ठेवलंय." पंचवटीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. रविवारच्या मिसळीबरोबरची जिलेबीही आरोपी ठरते. हे खरं नाही, आणि त्यापायी आईचा जीव नाहक पोळतो.

एडीएचडीत, म्हणजे अवधान न टिकणं आणि अतिचंचलता यांत, मोठा वाटा जनुकांचा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत तो सुमारे ७४ टक्के निघाला. नीट समजून घ्या: हा आकडा अनेक माणसांमधल्या फरकांविषयी आहे, तुमच्या एकट्या बाळूच्या वागण्याची ती वाटणी नव्हे. 'एडीएचडीचं जनुक' असं एकच काही नसतं. २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या २७ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम इवलासा.

परिस्थितीही हातभार लावते: अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, शरीरात गेलेलं शिसं. गरोदरपणातल्या धूम्रपानाशीही संबंध दिसतो, पण दोन्हींमागे पालकांची तीच जनुकं असू शकतात.

साखरेबद्दल १९९५ मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. वागण्यावर परिणाम दिसला नाही.

ठरलेली दिनचर्या आणि शांत सूचना यांचा मुलाला आधार होतो, म्हणून घराचं महत्त्व आहेच. आणि आईला बोलण्याआधी आजीला विचारा, बाबा शाळेत कसे होते?