कीस्टोन म्हणजे फुकटची दुरुस्ती नव्हे

‘चित्र वाकडं आलं? कीस्टोनचं बटण दाबा, दर्जाला काही होत नाही.’ कीस्टोन म्हणजे वाकडं पडलेलं चित्र पुन्हा चौकोनी करून दाखवणारी प्रोजेक्टरमधली सोय. प्रोजेक्टर लावताना हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे.

प्रोजेक्टर पुढून उचलून वर रोखला की पडद्याच्या वरच्या भागापर्यंत प्रकाशाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून चित्र वर रुंद होतं. कीस्टोन हा ताण काढत नाही; प्रोजेक्टरच्या आत चित्र तयार करणाऱ्या चिपवरचं चित्रच वरच्या बाजूला आकसून घेतो. चिपवरच्या, समजा, १९२० × १०८० पिक्सेलपैकी काही मग वापरातच येत नाहीत. उरलेल्यांत सगळा मजकूर कोंबल्यामुळे बारीक अक्षरं, तक्त्यांच्या रेघा धूसर होतात. शिवाय रिकाम्या पिक्सेलमधून थोडा प्रकाश झिरपतोच. अंधाऱ्या खोलीत चित्राभोवती राखाडी कडा दिसते ती हीच.

खरा उपाय जागेचा आहे. लेन्स पडद्याला काटकोनात ठेवा. टेबलावरचे बरेच प्रोजेक्टर सपाट ठेवले तरी चित्र मुळातच वर फेकतात, त्यामुळे लेन्स पडद्याच्या खालच्या कडेजवळ आणली की बहुतेकदा काम होतं. लेन्स शिफ्टची सोय असेल तर तीच आधी वापरा, कारण तिथे भिंगच सरकतं आणि एकही पिक्सेल वाया जात नाही. जागाच नसेल, तेव्हा कीस्टोन थोडासा वापरायला माझी हरकत नाही.